विषाणूचा प्रॉम्प्टर

संवाद पुरवणाऱ्या कानातल्या यंत्राने तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा विलासकाका आरवाड्यांनी ते कानातून उपसून काढलं आणि राणीच्या सिंहासनावर, म्हणजे गादी घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आदळलं.

"अगं बाई, मी विसरलो नाही!" ते यंत्राला म्हणाले. "मी थांबलोय. थांबणं आणि विसरणं यातला फरक कळत नाही का तुला?"

यंत्राने अत्यंत गोड आवाजात, आता साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं, चौथ्यांदा सांगितलं, "कंकण हरवलं नव्हतं, राणी. ते तुमच्या उशाशीच होतं."

"होतं, होतं," राणी म्हणाली. राणी म्हणजे सुलभाताई पाटणकर. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली आणि अजूनही नाट्यमंडळाची एकमेव नायिका. "साऱ्या सांगलीला कळलं कुठं होतं ते. आता पुढं चला की."

दारात उभ्या असलेल्या ऋजुताला हसू आलं, आणि ते आल्याचं तिलाच नवल वाटलं. या हॉलमध्ये पाऊल टाकताना डोळे भरतील, अशी मनाची तयारी करून ती पुण्याहून आली होती.

मंडळाचं 'संगीत रत्नकंकण' हे नाटक ती लहानपणापासून पाहत होती, पण प्रेक्षकांतून क्वचितच. तिची जागा डाव्या विंगेत, आईच्या खुर्चीच्या पायाशी. तिची आई, शैलजा मगदूम, मंडळाची प्रॉम्प्टर, नटांना विंगेतून वाक्यं पुरवणारी. आईने एकदाही रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही, आणि तिच्याशिवाय एकही प्रयोग झाला नाही. कोण कुठे अडखळतं, कोण पदानंतर पुढचं वाक्य गिळतं, कोण घाईत दोन पानं ओलांडून भलत्याच प्रवेशात उडी मारतं, हे तिला पाठ. अशी उडी पडली की मधलं काय गाळायचं आणि फाटलेली दोन टोकं कुठल्या वाक्याने जोडायची, हे ती जागच्या जागी ठरवायची. प्रेक्षकांना सांधा कधी दिसला नाही.

आणि ती पूर्ण वाक्य कधीच सांगत नसे. अर्धा शब्द, बस. "पूर्ण वाक्य दिलं की नट ते वाचून दाखवल्यासारखं म्हणतो," ती सांगायची. "अर्धा दिला की त्याचं त्याला आठवतं."

गेल्या हिवाळ्यात प्रयोग तोंडावर आला होता आणि विलासकाका अंगात कणकण असताना तालमीला आले. नवा फ्लू होता. दर हिवाळ्याला तो नवं रूप घेऊन यायचा आणि लस पोचेपर्यंत ते रूप जुनं झालेलं असायचं. विलासकाका चार दिवसांत हिंडू-फिरू लागले. तोवर निम्मं मंडळ अंथरुणात होतं. पुढे एकेक जण उठून तालमीला परत आला. डाव्या विंगेतली खुर्ची तेवढी रिकामी राहिली.

ऋजुता पुण्यात याच विषाणूवर काम करत होती. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती.

"आलीस होय, ऋजू!" सुलभाताईंनी हाक मारली. "ये, बस. चाचा, पेटी थांबवा. डॉक्टरीणबाई आल्यात."

ऑर्गनवरचे मुजावरचाचा उठून उभे राहिले. ते एका जुन्या दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर होते, त्यामुळे डॉक्टर म्हटलं की त्यांना उभं राहायची सवय. समोरची डॉक्टर आपल्याकडून खडीसाखर मागून घेत मोठी झालेली आहे, याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

विलासकाकांनी मान हलवली. ऋजुतानेही हलवली. त्यापलीकडे दोघांत वर्षभरात काही झालं नव्हतं.

ती आली होती नाकात मारायच्या एका फवाऱ्याची चाचणी समजावून सांगायला. राज्यातल्या काही गावांत ती होणार होती, आणि बंद हॉलमध्ये एकमेकांच्या तोंडावर तास-तास गाणारी वयस्कर माणसं तिच्या संस्थेला पाहिजेच होती. सांगलीची यादी तिच्या सहकाऱ्याने केली होती. नाव वाचून तिने नाही म्हणायचं ठरवलं, आणि मग हो म्हटलं.

"हे औषध विषाणूला मारत नाही," तिने रंगमंचाच्या कडेला बसत सुरुवात केली.

"मग काय, समजूत काढतं?" चाचांनी विचारलं.

"जवळजवळ. चाचा, विषाणू म्हणजे फिरती नाटक कंपनी समजा. गावात येताना फक्त नाटकाची संहिता घेऊन येते. नट आपले, कपडे आपले, रंगमंच आपला."

"आणि चहा?"

"चहाही आपलाच. आणि मुख्य म्हणजे प्रॉम्प्टरही आपला."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. ऋजुताने विंगेकडे न बघता पुढे सांगितलं.

फ्लूच्या विषाणूची संहिता म्हणजे आरएनए. तिचे वेगवेगळे तुकडे असतात. त्यातला एक तुकडा मोठा हिकमती आहे. तो आहे तसा वाचला तर त्यातून विषाणूचं कवच बनतं. पण मधला भाग कापून दोन टोकं जोडली, की त्याच तुकड्यातून दुसरंच प्रथिन बनतं. ते असतं कवचातलं दार. विषाणूला दोन्ही लागतात, कवच भरपूर आणि दारं मोजकी. मात्र कापायचं आणि जोडायचं यंत्र त्याच्याजवळ नसतं. ते आपल्या पेशींचं असतं. आपल्या पेशींत काही प्रथिनं आरएनएवर येऊन बसतात आणि 'इथे काप', 'इथे नको, जाऊ दे' असं ठरवायला मदत करतात. आपल्या स्वतःच्या आरएनएसाठी ती हे काम जन्मभर करत असतात. विषाणू आला की त्याच्याही संहितेवर तितक्याच इमानाने बसतात. घरचं कोण आणि परका कोण, हे त्यांना कळत नाही.

"शैलावहिनीसुद्धा तशाच," सुलभाताई म्हणाल्या. "मिरजेच्या मंडळाचा प्रॉम्प्टर आला नाही म्हणून त्यांच्या विंगेत जाऊन बसल्या. आणि त्या स्पर्धेत आम्ही दुसरे आलो!"

"आमचा फवारा नाकाच्या आतल्या अस्तरात जातो आणि अशा एका प्रॉम्प्टरला जरा जास्तच उत्साही करतो," ऋजुता म्हणाली. "तो दिसेल तिथे काप, काप म्हणत सुटतो. मग सगळी दारंच दारं, आणि कवच नाही. कंपनीचा प्रयोगच उभा राहत नाही."

मग तिने महत्त्वाचं सांगितलं. निम्म्यांच्या बाटलीत औषध असेल आणि निम्म्यांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळता कामा नये. त्यांनाही नाही आणि तिलाही नाही. दोन्ही गटांत कोण किती आजारी पडलं ते शेवटी ताडून बघायचं.

"म्हणजे कुणाच्या तरी बाटलीत पाणी," विलासकाका म्हणाले. मघापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

"हो. साथ आलीच तर डॉक्टर आहेत, नेहमीची औषधं आहेत. पण फवारा खरंच चालतो का, हे कळायला दुसरा मार्ग नाही."

विलासकाकांनी डाव्या विंगेकडे पाहिलं आणि संमतीपत्रावर सही केली.

तालीम पुन्हा सुरू होण्याआधी डबा फिरला. ही मंडळाची जुनी चाल. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात खडीसाखर आणि ज्येष्ठमध. तिसऱ्या घंटेआधी प्रत्येकाने घशासाठी एक खडा घ्यायचा. नट असो की पडदा ओढणारा, डब्याला हात लावल्याशिवाय कुणी जागेवर जायचं नाही. खडे कमी पडले तर अडकित्त्याने फोडून अर्धे करायचे, पण वगळायचं कुणाला नाही. आई होती तोवर डबा आईच्या मांडीवर असे. आता तो सुलभाताईंकडे होता. त्यांनी तो ऋजुतापुढे धरला.

"मला नको," ऋजुता म्हणाली. "मी कुठे गाणाराय."

हिवाळा सरता सरता पुण्यातल्या प्रयोगशाळेत डॉ. सरोज नाडगौडा डोकं धरून बसल्या होत्या. ऋजुताच्या त्या वरिष्ठ. बोलायला तिखट, आणि काम बिघडलं की आणखी तिखट.

"फवारा चालतोय," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या नाकात पूर्ण औषध सापडलं, त्यांच्यात फ्लू कुणाला नाही. पण नाशिकच्या एका मास्तरांचा वर्गात आवाजच उमटेना. साताऱ्याच्या एका बाईंना फोडणीचा वास येईना, म्हणून त्यांनी तीनदा हिंग घातला. नवऱ्याने ताट सरकवलं. तो नवरा आता आपल्याला फोन करतोय."

कारण दोघींनाही कळत होतं. प्रॉम्प्टर आपलाच. त्याला विषाणूसाठी उतावळा केला, तर तो घरच्या नाटकातही लुडबूड करणार. घशातल्या आणि नाकातल्या पेशींचे स्वतःचे आरएनए तो भलतीकडे कापत होता. फवारा थांबवल्यावर सगळं पूर्ववत होत होतं, पण साध्या फ्लूसाठी आवाज आणि वास गहाण टाकायला कोण तयार होईल?

"देखरेख समिती पुढच्या महिन्यात बसते आहे. प्रकल्प गुंडाळतील," नाडगौडा म्हणाल्या. "आणि त्यात तुझी सांगली. हे बघ. निम्म्यांच्या नाकात औषध सापडायला हवं आणि निम्म्यांच्या नाकात शून्य. तुझ्या माणसांच्या नाकातल्या नमुन्यांचे आकडे सगळे एकसारखे. सगळ्यांत औषध आहे, आणि सगळ्यांत निम्मंच. सांगलीच्या हवेत काही आहे का गं?"

ऋजुताने दुपारची बस पकडली.

ती पोचली तेव्हा तालीम रंगात होती. सगळं रीतसर दिसत होतं. प्रत्येकाची बाटली प्रत्येकाजवळ, प्रत्येकीवर क्रमांक. फक्त ऑर्गनवर, जिथे एरवी चाचांचा चहाचा कप असे, तिथे कंपाउंडरचा काचेचा मेजर ग्लास उपडा घातलेला होता.

"चाचा, हा कशाला?"

"सुरांचं माप घ्यायला," चाचा म्हणाले. पण ऑर्गनचा भाता थांबला होता.

"चाचा."

चाचांनी सुलभाताईंकडे पाहिलं. सुलभाताईंनी छताकडे.

"तुम्ही सगळ्या बाटल्या एकत्र केल्यात?"

"एकत्र केल्या असं नाही म्हणता येणार," सुलभाताई म्हणाल्या. "समान केल्या."

"उकळलेल्या भांड्यात," चाचा दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "हात साबणानं धुऊन. एक थेंब सांडला नाही. आयुष्यात माझं मिक्श्चर कुणाला बाधलेलं नाही, बेटा."

"प्रत्येक वेळी? नव्या बाटल्या आल्या की लगेच?"

"लगेच. डबा फिरवायच्या आधी."

ऋजुता राणीच्या सिंहासनावर बसली. "अहो, चाचणी होती ती! निम्म्यांना औषध, निम्म्यांना पाणी. मी एवढं समजावून सांगितलं होतं."

"तू काय सांगितलंस, ते आमच्या पक्कं ध्यानात आहे," सुलभाताई म्हणाल्या. "कुणाकडं काय आहे हे कुणालाच कळता कामा नये. बघ की, कळतंय का आता कुणाला?"

ऋजुताने विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

सगळ्यांनी इतक्या एकजुटीने विलासकाकांकडे बघायचं टाळलं, की उत्तर मिळालंच.

विलासकाका डाव्या विंगेत गेले होते. रिकाम्या खुर्चीशेजारी उभे होते, बसले नव्हते. ऋजुता आत गेली. बाहेर चाचांनी उगीचच मोठ्याने वाजवायला सुरुवात केली.

"वर्ष झालं, तू माझ्याशी बोलत नाहीस," विलासकाका म्हणाले.

"बोलते की. सकाळीच तब्येत विचारायला फोन केला होता."

"तो डॉक्टर मगदूमचा होता. ऋजूचा नव्हता."

विलासकाका खुर्चीकडे वळले.

"कुणाच्या तरी बाटलीत पाणी आहे म्हणालीस. घरी गेलो आणि एकेकाचं नाव घेऊन बघितलं. सुलभा? चाचा? पडद्यावरचा गणपत? पाणी कुणाच्या वाट्याला गेलेलं चालेल? एक नाव निघेना." त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "मागल्या खेपेला मी ताप अंगावर घेऊन आलो, आणि नाव निघालं. तसं परत नको होतं."

वर्षभर जपून ठेवलेला राग ऋजुताने मनात चाचपून पाहिला. तो होता. पण तो ज्या माणसासाठी ठेवला होता, तो हा माणूस नव्हता. हा म्हातारा होता, थकलेला होता, आणि राजाचा फेटा काढायला विसरला होता.

"काका, तुम्ही माझी चाचणी बुडवलीत."

"बुडवली."

"मला नोकरीवरून काढतील."

"मग इकडं प्रॉम्प्टिंगला ये. जागा रिकामी आहे," विलासकाका सवयीने बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांचा चेहरा इतका पडला, की ऋजुताला हसू आवरेना. ती हसली, मग तिचे डोळे वाहिले, आणि त्यातलं काय आधी सुरू झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

विलासकाका बाहेर जाऊन डबा घेऊन आले. तळाशी एकच मोठा खडा होता. त्यांनी तो अडकित्त्याने फोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. तिने घेतला.

बाहेर सुलभाताईंनी पद उचललं होतं. तान वर चढत गेली आणि तार षड्जावर जाऊन स्वच्छ उभी राहिली. ऋजुताच्या तोंडातला खडा तसाच राहिला.

"काका, हिवाळाभर कुणाचा आवाज बसला?"

"कुणाचाच नाही."

"वास? चव?"

"परवा सुलभानं माझ्या डब्यातली भाजी नुसत्या वासानं ओळखून नावं ठेवली."

"आणि आजारी कोण पडलं? गावात तर मोठी साथ होती."

"तिघाचौघांचं नाक गळलं, दोन दिवस. तालीम कुणाची चुकली नाही."

त्या तिघाचौघांच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यांत फ्लूचा विषाणू सापडला होता, हे तिला ठाऊक होतं. नुसता सापडला नव्हता, भरपूर सापडला होता. वयं सत्तरीची, विषाणू भरपूर, आणि दोन दिवस नाक गळून सगळं संपलं? ते नमुने पुण्यात शीतपेटीत होते.

"मला जायला हवं," ती म्हणाली.

"रागावून?"

"नाही हो. कामाला."

नमुन्यांतले विषाणू तिने ताज्या पेशींवर सोडले आणि वाट पाहिली. काहीही झालं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा ते नेहमीचे गोल-लांबट विषाणू नव्हतेच. कवचं फाटकी, दारं नको तिथे, काही तर नुसती रिकामी पिशवी. नाकातल्या पेशींतून ते बाहेर पडले होते, पण दुसऱ्या पेशीत शिरायची ताकद त्यांच्यात उरलेली नव्हती.

सुरुवातीला मात्रा ठरवताना त्यांनी फक्त विषाणू किती बाहेर पडतात ते मोजलं होतं. अर्ध्या मात्रेला ते जवळपास पूर्वीइतकेच पडत, म्हणून अर्धी मात्रा निरुपयोगी ठरवून बाजूला टाकली. बाहेर पडलेले कसे आहेत, हे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. विषाणूला संपवायची गरजच नव्हती. कवच आणि दार यांचं प्रमाण थोडं चुकलं तरी त्याचा खेळ मोडत होता, कारण या कामासाठी त्याची सारी भिस्त त्या एका प्रॉम्प्टरवर. आपल्या आरएनएवर मात्र असे अनेक जण बसलेले असतात. एखादा किंचित बहकला तर बाकीचे सांभाळून घेतात. पूर्ण मात्रेत ते त्यांनाही सांभाळता येत नव्हतं. अर्ध्या मात्रेत येत होतं.

नाडगौडांनी सगळं दोनदा बघितलं. मग खुर्ची मागे ढकलली.

"अप्रतिम. पण समितीला काय सांगणार? की तुझ्या नटांनी औषध मेजर ग्लासने वाटून घेतलं? सांगली बाद होईल. तुझं नाव चाचणीप्रमुख म्हणून कायमचं पुसलं जाईल. त्यापेक्षा लिही, सांगलीचे नमुने खराब झाले. आणि अर्ध्या मात्रेचा प्रस्ताव नव्याने मांडू, आपल्याला सुचला म्हणून."

"आपल्याला नाही सुचला, मॅडम."

"ते मला कळतंय गं."

ऋजुताने समितीपुढे सगळं जसं घडलं तसं सांगितलं. खडीसाखरेचा डबासुद्धा. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत होते. ते संतापले आहेत असं आधी सर्वांना वाटलं. "म्हणजे त्यांनी पाणीसुद्धा वाटून घेतलं," ते शेवटी म्हणाले, आणि हसू न आवरून त्यांनी पुन्हा डोळे पुसले.

सांगली बाद झाली. ऋजुताचं प्रमुखपद गेलं. नमुने मात्र खरे होते, ते बाद करता येत नव्हते. अर्ध्या मात्रेची नवी चाचणी मंजूर झाली, नव्या गावांत, नव्या माणसांवर आणि नव्या प्रमुखाखाली. ऋजुताला प्रयोगशाळेत ठेवून घेतलं, एका अटीवर: मगदूमबाईंच्या ओळखीच्या एकाही माणसाला यापुढे बाटली द्यायची नाही. मंडळाला हा आपला गौरव वाटला.

पुढच्या हिवाळ्यात चाचणीचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा नाडगौडांनी फोन केला. "फ्लू तुरळक, तोही लंगडा. आवाज शाबूत. आणि साताऱ्याच्या त्या नवऱ्याने फोन केला होता. बायकोला वास येतोय का विचारलं, तर म्हणाला येतो, आणि आता मी आंघोळ चुकवली की तेही कळतं."

त्याच रविवारी दुपारी 'संगीत रत्नकंकण'चा प्रयोग होता. ऋजुता प्रेक्षक म्हणून आली होती. रंगपटात गेली तर गोड आवाजाचं ते यंत्र चाचांनी उघडून ठेवलेलं, त्याचे स्क्रू बशीत.

"बिघडलं?" तिने विचारलं.

"बिघडवलं," सुलभाताई म्हणाल्या आणि तिच्या मांडीवर डबा ठेवला. "बस आता जागेवर."

खुर्ची तिला वाटली होती तितकी उंच नव्हती. पाय जमिनीला टेकत होते. संहिता समोर होती, पण बघायची गरज पडत नव्हती. पहिल्या अंकात सुलभाताईंनी एक अख्खं पान ओलांडलं. ऋजुताने प्रधानाला अर्धा शब्द दिला, त्याने टोकं जोडली, आणि दासी नसलेल्या प्रवेशातून दासी मुकाट्याने निघून गेली. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा राणीच्या महालात आला, अनवाणी, फेटा हातात घेतलेला.

"कंकण हरवलं नव्हतं, राणी," विलासकाका म्हणाले.

आणि थांबले.

हॉल शांत झाला. थोडा अधिक वेळ शांत राहिला. चाचांनी ऑर्गनवरून मान वळवून विंगेकडे पाहिलं. सुलभाताईंच्या कपाळावर आठी आली. ऋजुताच्या ओठांवर अर्धा शब्द तयार होता. गोड आवाजाच्या यंत्राने एव्हाना दोनदा सांगून टाकलं असतं. मागच्या रांगेत एक खुर्ची कुरकुरली.

ऋजुताने विलासकाकांच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"ते तुमच्या उशाशीच होतं," विलासकाका म्हणाले, इतक्या हळू, की साऱ्या हॉलला ऐकू गेलं.

पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. विलासकाका घाम पुसत विंगेत आले.

"काय गं, अर्धा शब्द दिला नाहीस? खरंच विसरलो असतो तर?"

"विसरला नव्हता."

"तुला काय माहीत?"

"विसरलात की तुमच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो. आईनं दाखवलं होतं मला. ती कायम तोच बघायची."

विलासकाकांनी मान वाकवून आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं तो त्यांच्या पाठीमागे चहाड्या करत होता.

"एवढी वर्षं?" ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, तिला माझ्या चेहऱ्यावरून कळतं!"

तिसऱ्या अंकाची वेळ झाली. डबा फिरला, ऋजुताने आपला खडा घेतला, तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडला. राजाचा प्रवेश आला. हा प्रवेशही महालातलाच, अनवाणी करायचा. राजेसाहेब पायांत भरजरी मोजड्या घालून रुबाबात आले आणि विंगेकडे विजयी नजर टाकून उभे राहिले.

प्रॉम्प्टरचा आवाज कधीही पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये, असा आईचा नियम होता. त्या दुपारी तो मोडला. डाव्या विंगेतलं हसणं मागच्या रांगेपर्यंत गेलं.